चेंबरचा नट

नवरात्र आलं की मला घरात शांत बसवत नाही. पंखे पुसून होतात, पडदे धुऊन होतात, मग मी फ्रिज भिंतीपासून ओढते आणि त्याच्यामागचा केर काढते, जो गणपतीतच काढलेला असतो. नवरा म्हणतो, लोक घट बसवतात, तू घर उठवतेस. त्याचं खरं आहे. तो यवतमाळचा, इथल्या सरकारी कचेरीतल्या नोकरीसाठी आलेला. त्याच्या लेखी रायपूरचं नवरात्र म्हणजे सुट्या आणि कानठळ्या. माझं तसं नाही. पाऊस नुकताच गेलेला असतो, सकाळी दव पडतं आणि दुपारी तेच ऊन पाठ भाजून काढतं, चहूबाजूंनी देवीची जसगीतं आणि मांदर, म्हणजे इथला ढोल, ऐकू येतात, आणि या सगळ्यात मला शंकर नगरच्या चौथ्या मजल्यावर गाडीच्या जळक्या ऑइलचा वास येतो. तो कुठूनही येत नसतो. तरी येतो.

मुलीला सांगितलं, तर तिनं मोबाइलमधून मान वर न करता निकाल दिला, "मम्मी, डॉक्टर को दिखा लो।" तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र हिंदीतून येतं. मी तिच्यापुढे हात टेकले आहेत.

डॉक्टरला काय सांगणार? की वास ब्राह्मणपाऱ्यातून येतो, एका गल्लीतून, जिथे आमच्या भाड्याच्या घरासमोर अर्धी वाट अडवून बाबांची डिझेल पिकअप उभी असते. पांढरी म्हणून घेतली होती, पण पांढरी ती कधी दिसली नाही. दर वर्षी अष्टमीला बाबा तिच्याखाली पोत्यावर आडवे होतात आणि तिचं तेल बदलतात. त्यांचे पाय तेवढे बाहेर असतात. स्कूटरवाले त्या पायांना वळसा घालून जातात, आणि पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, बायका पायांशीच बोलतात. कसं काय भैया, बरं आहे ना. पाय हलतात, म्हणजे बरं आहे.

पहिल्यांदा ते गाडीखाली गेले तो आश्विन मला अजून सोडत नाही. राज्य नवीन होतं, रायपूर राजधानी झाल्यावरचा तो पहिला दसरा. राजधानी झाली म्हणजे नेमकं काय झालं, हे आम्हाला कळायच्या आत शहरभर खुर्च्या फिरायला लागल्या होत्या. भोपाळहून ट्रक यायचे, लोखंडी कपाटं उतरायची, शंकर नगरातल्या कुणाच्या तरी बंगल्यावर पाटी लागायची की हे अमुक कार्यालय, आणि महिन्याभरात तीच पाटी दुसऱ्या बंगल्यावर. बाबांचा बीरगावकडचा कारखाना बंद पडलेला. ते तिथे स्टोअर सांभाळायचे. घरी बसणं त्यांना जमेना, म्हणून त्यांनी ही जुनी पिकअप घेतली आणि सरकारचं फर्निचर वाहू लागले. एकच टेबल त्यांनी तीन ऑफिसांत पोचवलं होतं. शेवटी ते टेबलच साहेबापेक्षा जास्त ओळखीचं झालं, असं ते म्हणायचे. सगळं शहर तेव्हा खुर्चीच्या टोकावर बसलं होतं, कधीही उठवतील अशा बेतानं.

घरात आम्हीही तसेच बसलो होतो. आईला नागपूरला जायचं होतं. लग्न होऊन इथे आली त्याला वीसेक वर्षं झाली असतील, तरी ती 'घरी' म्हणाली की नागपूर समजायचं आणि 'इकडे' म्हणाली की रायपूर. कारखाना बंद झाल्यावर मामानं निरोप धाडला होता, वरचा मजला रिकामा आहे, दुकानात माणूस पाहिजे, या. आईनं गणपतीतच गरम पांघरुणं ट्रंकेत भरून वरून दोरी बांधली होती. बाबा नाही म्हणत नव्हते. हो पण म्हणत नव्हते. विचारलं की एकच वाक्य, "दसऱ्यापर्यंत पाहू." गाडी चालली तर राहू, नाहीतर विकून जाऊ. चालली म्हणजे किती चालली, हे त्यांनी कधी सांगितलं नाही. मी नुकती कॉलेजात गेले होते. मला राहायचं होतं की जायचं होतं हे मलाच धड माहीत नव्हतं, एवढंच वाटे की एकदाचं काय ते ठरू द्या. ताटावर बसलं की ट्रंक दिसायची, खिडकीत गेलं की गाडी दिसायची. त्या दोघींच्या मधे आम्ही तिघं दिवसभर येरझारा घालायचो.

शेवटी आईनंच गिऱ्हाईक शोधून काढलं. धमतरी रोडवरचा एक भाजीचा व्यापारी होता, ओळखीतून ओळख निघाली. दसऱ्याला गाडी घरी न्यायची, म्हणून नवमीला पाहायला येतो म्हणाला. बाबांनी ऐकून घेतलं आणि अष्टमीच्या सकाळी बाजारातून नव्या ऑइलचा डबा घेऊन आले.

मला तो डबा अजून दिसतो. पायरीवर ठेवलेला, झाकणाला सील, त्यावर ऊन. आई दारात उभी राहून त्याच्याकडे पाहत होती. बाबांनी गाडी तळ्यापर्यंत फिरवून आणली, कारण गरम तेल पातळ होऊन पटकन उतरतं, आणि मग ते खाली शिरले. आईनं त्यांच्या पायांना विचारलं, "विकायची गाडी आहे ना? मग तिले नवं तेल काहून पाजून राहिले?"

खालून आवाज आला, "जुनं काळं झालं."

"झालं तर घेणारा बदलवंल."

यावर पाय हलले नाहीत. मी पाना हातात घेऊन उभी होते आणि मला एकदम रडू यायला लागलं. कारण मला कळलं होतं, आणि आईलाही कळलंच असणार. द्यायच्या गाडीत कुणी नवं तेल घालत नाही. ज्या माणसानं वर्षभर हो किंवा नाही म्हटलं नव्हतं, त्यानं गाडीखाली झोपून सांगून टाकलं होतं.

इंजिनच्या खाली तेल साठतं त्या भांड्याला इथे चेंबर म्हणतात. त्याच्या बुडाशी एक जाड नट असतो, अंगठ्याएवढा. तो पान्यानं सैल करायचा, शेवटचे आटे बोटांनी फिरवायचे आणि चटकन हात काढायचा. बाबांना ते चटकन कधी जमलं नाही. तेल कोपरापर्यंत ओघळायचं, ते हायहुई करायचे, आणि मग घमेल्यात ती काळीभोर धार पडत राहायची, आवाज न करता. पेट्रोलच्या गाडीचं तेल निदान तपकिरी तरी निघतं. डिझेलचं म्हणजे काजळच. ते वाया जात नाही. पाऱ्यातले लोक डबे घेऊन येतात, दाराच्या चौकटीला, पलंगाच्या पायांना लावायला, वाळवी लागत नाही म्हणून. त्या दिवशीही आले. बाबांनी वाटलं, आणि धार थांबून थेंब झाल्यावर गाडी तशीच उघडी सोडली. शेवटचा थेंब निथळू द्यायचा, नट सकाळी लावायचा, हा त्यांचा शिरस्ता त्यांनी त्याच दिवशी काढला.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. आमच्या घरी त्या दिवशी घरातलं सगळं हत्यार देवापुढे मांडतात. विळी, सुरी, आईची शिवणाची कात्री, माझ्या कंपासपेटीतला करकटक, हातोडी. एकदा हळदकुंकू लागलं की दसऱ्याची पूजा होईपर्यंत त्यातलं काही उचलायचं नाही. त्या दिवशी आमच्याकडे भाजी हातानं तोडतात आणि शेंगा निवडतात, चाकूचं काम कुठलंच नाही. आजोळी हेच, बाबांकडेही हेच. पाऱ्याजवळ एक मठ आहे, तो वर्षातून एकदाच दसऱ्याला उघडतो आणि आतली जुनी शस्त्रं लोक रांग लावून पाहतात. त्यामुळे इथल्या शेजाऱ्यांनाही आमचं काही नवल वाटत नाही.

सकाळी बाबा नट शोधायला लागले. घासलेटच्या ताटलीत ठेवला होता, तिथे नाही. चिंध्यांत नाही, गाडीखाली नाही, गटारीत त्यांनी काडी घालून पाहिलं. माझ्यावर एकदा ओरडूनही झालं. मग मीच आत गेले तर देवघरात पाने ओळीनं मांडलेले, राखेनं घासून चकचकीत, आणि त्यांच्या शेवटी तो नट. हळद, कुंकू, वर झेंडूचं फूल. आरती होऊन गेलेली.

बाबा दारात येऊन थांबले. "अगं, हा नट होय. हत्यार नोहे हे."

"मले काय समजते त्यातलं?" आई विळीऐवजी बोटांनी पालक तोडत होती. "लोखंड दिसलं, ठेवलं."

"आता?"

"आता उद्या."

बाबा वाद घालतील असं मला वाटलं. इतका सोपा प्रश्न होता, उचलायचा आणि लावायचा. पण ते देवघराकडे बघत राहिले, आणि मग बाहेर जाऊन पायरीवर बसले. त्या सबंध मोसमात मी त्यांना असं बसलेलं पाहिलं नव्हतं. हातात काही नाही, डोक्यात कुणाचं कपाट नाही. आईनं चहा नेऊन दिला आणि कधी नव्हे ती तीही पायरीवर टेकली. गाडी समोर तशीच, पोटातलं सगळं बाहेर काढून.

व्यापारी आला तेव्हा दुपार व्हायला आली होती. भला माणूस होता. टायर दाबून पाहिले, दार उघडबंद करून पाहिलं, आणि म्हणाला की चालू करून आवाज ऐकवा. बाबांनी सांगितलं, आज होणार नाही, तिचा नट पूजेत आहे. दुसरा कुणी असता तर हसला असता, किंवा आम्ही काहीतरी लपवतोय असा संशय घेतला असता. यानं आत डोकावून पाहिलं, देवघरापुढे लांबूनच हात जोडले आणि म्हणाला, "हव. काली आहूं." म्हणजे उद्या येतो. आणि गेला.

त्या दुपारी जंवाऱ्याची मिरवणूक निघाली. डोक्यावर गव्हाच्या रोपांची भांडी घेतलेल्या बायका आमच्याच गल्लीतून तळ्याकडे जातात. गाडी चालू करता येत नव्हती, वाट अडलेली. मग पाऱ्यातल्या सगळ्यांनी मिळून पिकअप ढकलली आणि भिंतीला चिकटवली. जाता जाता एका म्हाताऱ्या बाईनं बॉनेटला हळद लावली. आई पायरीवर उभी होती. तिच्या तोंडाकडे मी पाहत होते, कारण मला अजूनही तेच हवं होतं, हो की नाही. ती फक्त मिरवणूक पाहत होती, आणि मांदराबरोबर तिच्या पायाचं बोट हलत होतं. तिचं तिलाही कळत नसावं.

दसऱ्याच्या सकाळी बाबा पुन्हा गाडीखाली गेले. उत्तरपूजा झाली होती. नेहमी पाना द्यायचं काम माझं. बाबांनी खालून हात बाहेर काढला, पंजा उघडा, आणि मी वळेपर्यंत आई तिथे येऊन उकिडवी बसली होती. ही गाडी घेतल्यापासून तिनं तिला एकदाही हात लावला नव्हता. तिनं तो नट त्यांच्या पंजावर ठेवला.

"कुंकू पुसू नका," ती म्हणाली. "तसाच लावा."

बाबांनी मूठ मिटून हात आत घेतला.

"आणि त्या माणसाचं?" खालून प्रश्न.

"त्याच्याशी मी बोलते."

ती बोलली. आपल्या मोडक्या हिंदीत, दारातच, हातात आपट्याची पानं. "भैया, ये गाडी अब नहीं जाती।" त्यानं पानं घेतली, चहा घेतला, कुरकुर केली नाही. बाबा तेव्हा नवं तेल ओतत होते. मधासारखं तेल, नरसाळ्यातून सावकाश जाणारं. गाडी चालू झाली आणि सगळी गल्ली धुरानं भरली. मला सुटल्यासारखं वाटलं, आणि लगेच आईचा धाकही वाटला. एवढं मोठं काहीतरी तिनं सोडलं होतं आणि ती आत जाऊन पुऱ्या लाटायला लागली होती.

ती सुखानं राहिली असं मी म्हणणार नाही. नागपूरला ती शेवटपर्यंत 'घरी' म्हणत राहिली. ट्रंकेची दोरी थंडीत सुटायची आणि होळीनंतर पुन्हा बांधली जायची. नागपूरची आजी गेली तेव्हा आई वेळेवर पोचली नाही, आणि ते तिनं बाबांना मोजून चार वेळा तरी ऐकवलं असेल. पण दर अष्टमीला तेल उतरलं की तीच घासलेटची ताटली उचलायची, नट घासायची आणि नवमीला देवापुढे ठेवायची. आमच्या घरी तो कुळाचारच होऊन बसला. नवमीभर पिकअप कोरडी उभी आणि बाबा पायरीवर. वर्षातला तेवढा एक दिवस त्या घराला बूड असायचं.

तो नट तिनं चुकून ठेवला होता का, हे मी तिला विचारलं नाही. विचारायची गरजही नव्हती. आईचं शिवणयंत्र बिघडलं की ती स्वतः खोलायची, वर्तमानपत्रावर एकेक स्क्रू मांडायची आणि तेल देऊन परत जोडायची. तिला पाना आणि नट यातला फरक कळत नव्हता, यावर फक्त बाबांनीच विश्वास ठेवला. किंवा तसं दाखवलं.

आई गेल्याला आता काही वर्षं झाली. नट ठेवायला मी जाते. आणि या वर्षी मी घर का उठवते आहे ते सांगूनच टाकते. आमच्याकडची मागची खोली मी बाबांसाठी रिकामी केली आहे. पलंग हलवला, कपाट हलवलं, मुलीचं टेबल हॉलमधे आणलं, ती फुगून बसली आहे. श्रावणात बाबा गाडीखाली काहीतरी पाहायला शिरले आणि त्यांना उठताच येईना. शेजारच्या भैयानं बगलेत धरून ओढून काढलं आणि मग मला फोन केला. त्या दिवसापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. मोबाइल वाजला की हातातलं टाकून धावते. म्हणून मी गिऱ्हाईक पाहिलं. जुन्या गाड्या घेणारा माणूस आहे, नवमीला येतो म्हणाला. बाबांना सांगितलं, गाडी देऊन टाका आणि माझ्याकडे या, लिफ्ट आहे, बाग आहे. इथल्या पार्किंगमधे गाडीचं काम करू देत नाहीत, हे सांगायचं मी टाळलं.

बाबा म्हणाले, "दसऱ्यापर्यंत पाहू."

मी तेव्हाच समजायला हवं होतं. अष्टमीला फोन केला तर किती तरी वेळ उचलला नाही. मग उचलला, श्वास लागलेला. "तेल उतरवून राहिलो बेबी," म्हणाले. "तू ये उद्या."

काल नवमी होती. मी गेले. घरी पोचेपर्यंत डोक्यात सगळं तयार होतं. नट आज लावायचा, शेजारच्या भैयाकडून तेल भरून घ्यायचं, माणूस आला की गाडी चालू करून दाखवायची, विषय संपवायचा. एक वर्ष पूजेत नट नसला तर काही बिघडत नाही. पायरीवर ऑइलचा नवा डबा होता. त्याच्याशेजारी घासलेटची ताटली, त्यात नट. बाबा दाराला टेकून बसले होते, ढोपरं हातांनी चोळत. ताटलीकडे त्यांनी बोटही दाखवलं नाही. फक्त मी काय करते ते पाहत होते.

मी तो नट उचलला. चिंधीनं पुसला, राख घेतली, आट्याआट्यांतून नख फिरवून घासला. इतका लहान, आणि हातात घेतला की किती जड. मी चिडले होते, खरंच चिडले होते. बाबांवर, गाडीवर, त्या रिकाम्या केलेल्या खोलीवर. या माणसाला उद्या काही झालं तर मी काय करू? आईनंही असाच घासला असेल का, ट्रंक बांधलेली असताना, एवढंच चिडून?

मग मी आत गेले आणि नट पान्यांच्या ओळीत शेवटी ठेवला. हळद लावली, कुंकू लावलं. फूल बाबांनीच आणून ठेवलं होतं.

बाहेर आले तर बाबा पायरीवर सरकून बसले होते, माझ्यापुरती जागा सोडून. तळ्याच्या बाजूनं मांदर ऐकू येत होता. माझ्या नखांत काळं तेल होतं, ते आज दसऱ्याच्या पुऱ्या लाटतानाही गेलेलं नाही. काळजी तर नाहीच गेलेली.

"तेल उद्या भरू," मी म्हटलं.

"तो माणूस येणार होता ना?"

"त्याच्याशी मी बोलते."